उन्हाळ्यात बोअरचं पाणी कमी पडतं. एक एकर टोमॅटोला ड्रिप किती तास चालवावं?

तुम्ही माण तालुक्याचे, मी आटपाडीचा. दुष्काळ दोघांच्याही घरचाच. म्हणून आधी सांगतो, तासाचा हिशोब सोडा, लिटरचा धरा.

बोअर दोन तास चालू द्या. सुरुवातीला साठलेलं पाणी जोरात येतं, त्यावर जाऊ नका. मग २०० लिटरचं बॅरल पाइपाखाली लावा. ते ५ मिनिटांत भरलं तर ताशी २,४०० लिटर. लाइट ८ तास धरली तर दिवसाला १९ हजारांच्या आसपास. एक एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर, आणि फळावर आलेल्या टोमॅटोला एप्रिल-मेमध्ये दिवसाला ५ मिलिमीटर तरी लागतंच. म्हणजे २० हजार लिटर. लाइट गेली किंवा बोअर आणखी उतरलं की गणित तुटलं. माझं स्पष्ट मत, अर्धाच एकर लावा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, आली की बरं वाटतं, पण दोन आवर्तनांमधले दिवस आपल्याच पाण्यावर काढावे लागतात.

आता ड्रिप. पाच फुटांवर लॅटरल (ड्रिपची नळी), ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर अर्ध्या एकरात ३,३०० च्या वर ड्रिपर बसतात, तासाला १३ हजार लिटर. अर्ध्या एकराला दिवसाला लागतात १० हजार लिटर, म्हणजे भर उन्हाळ्यातही पाऊण तास पुरे! तुमचं बोअर एवढं पाणी एकदम देणार नाही, म्हणून पाणी आधी टाकीत किंवा शेततळ्यात घ्या आणि तिथून वेगळ्या मोटरने सोडा. थेट जोडलं तर शेवटच्या झाडांपर्यंत थेंब पोचत नाही.

मुरमाड रान असेल तर हा पाऊण तास सकाळ-संध्याकाळ वाटून द्या. काळ्या रानात एकदाच दिलं तरी चालतं. खात्री करायची तर ड्रिपरपासून वीतभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल उकरा, माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि हाताला चिखल लागला नाही, की पाणी बरोबर आहे.

मल्चिंग पेपर नाही परवडला तर उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा बेडवर जाड पसरा, पण उघडी माती ठेवू नका. लागवडीनंतर रोपं जगली की थोडा ताण चालतो. फुलं लागल्यापासून मात्र नाही. तेव्हा कधी कोरडं, कधी भरपूर असं झालं की फळं तडकतात, बुडाशी काळी पडतात, आणि असा माल व्यापारी घेत नाही.

बॅरल किती मिनिटांत भरलं ते इथेच लिहा, तुमच्या क्षेत्राचा हिशोब करून देतो.