नॉयझीडलर तलाव उथळ आहे. तिथे विंडसर्फिंग, काइटसर्फिंग आणि विंगफॉइलिंग यांपैकी काय शिकावे?

आपण लिहिले आहे की नोकरीनिमित्त आपण व्हिएन्नाला आला आहात, पोहणे जेमतेम येते, आणि व्हिएन्नाजवळच्या, ऑस्ट्रिया-हंगेरी सीमेवरच्या नॉयझीडलर तलावात कुठेही उभे राहता येत असल्यामुळे तिथे यांतला कोणताही खेळ निर्धास्तपणे शिकता येईल असे सहकाऱ्यांनी सांगितले आहे. मीही व्हिएन्नातच राहतो आणि याच तलावावर हे तिन्ही खेळ खेळतो. माझे मत असे आहे की सुरुवात विंडसर्फिंगने, म्हणजे शीड बसवलेल्या फळीने करावी, फॉइल (फळीखाली खांबाला जोडलेले, वेग आला की फळीला पाण्यावर उचलणारे पंखासारखे पाते) काही काळ दूर ठेवावे, आणि ‘उथळ म्हणजे सुरक्षित’ हे गृहीत धरून पाण्यात उतरू नये.

हा तलाव सुमारे 36 किलोमीटर लांब असून त्याची कमाल खोली साधारण 1.8 मीटर आहे. बहुतेक ठिकाणी पाणी कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत येते. दम लागला की खाली पाय टेकता येतात आणि शीड हातातून सुटले तर चालत जाऊन पकडता येते, ही सोय नवशिक्यासाठी फार मोठी आहे. पण एवढ्या विस्तीर्ण आणि एवढ्या उथळ पाण्यावर वारा वाहू लागला की तो पाणीच ढकलून नेतो. वाऱ्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाला येणारा उतार खोलीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून जो वारा खोल तलावाची पातळी जेमतेम हलवील, तोच इथे दोन टोकांमध्ये दहा-वीस सेंटीमीटरांचा किंवा त्याहूनही मोठा फरक पाडतो. वायव्येचा जोराचा वारा दिवसभर टिकला की उत्तरेकडचे पाणी उतरते आणि आग्नेयेकडचे चढते, आणि वारा पडल्यावर ते पुन्हा मागे फिरते. काल जिथे फिन (फळीखाली मागे असलेले दिशा राखणारे पाते) मोकळी फिरत होती तिथे आज ती गाळात रुतू शकते. शिवाय तलावाला येणारे पाणी मुख्यतः पावसाचे असल्यामुळे कोरडी वर्षे लगेच जाणवतात. 2022 च्या उन्हाळ्यात पातळी इतकी खाली गेली होती की अनेक होड्या धक्क्याजवळच गाळात टेकल्या होत्या.

म्हणून या तलावावर खेळाची निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावा की आपल्या फळीखाली किती पाणी लागते. काइटच्या, म्हणजे दोऱ्यांनी बांधलेल्या मोठ्या पतंगाने ओढल्या जाणाऱ्या, साध्या दुटोकी फळीच्या फिन जेमतेम चार-पाच सेंटीमीटरच्या असतात, त्यामुळे तिला गुडघाभर पाणीही पुरते. विंडसर्फिंगच्या शिकाऊ फळीला मध्यभागी खाली सोडता येणारे पाते असते. पाणी कमी असेल तेव्हा ते वर ओढून घेता येते आणि मागे आखूड फिन लावता येते. फॉइलचे गणित मात्र वेगळे आहे. त्याचा खांब बहुधा 60 ते 90 सेंटीमीटरचा असतो, आणि आपण पाण्यावर उचलले जाईपर्यंत तो पूर्णपणे पाण्याखालीच असतो. माझा हिशेब असा आहे की खांबाच्या लांबीत निदान 30 सेंटीमीटर मिळवावे आणि तेवढे पाणी नसेल तर फॉइल बाहेर काढूच नये. आखूड खांब घेतला तर तळ वाचतो हे खरे, पण उथळ पाण्यातल्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. त्यांच्या खळग्यात फॉइल पृष्ठभागाबाहेर येते, उचल एकदम संपते आणि फळी आदळते. नवशिक्याला ही कोंडी सोडवणे अवघड जाते. विंगची (हातात धरायच्या फुगवलेल्या पंखासारख्या शिडाची) ओढ असेलच तर ती आधी फॉइल नसलेल्या मोठ्या फळीवर शिकता येते, आणि वारा ओळखणे, वळणे व परत फिरणे हे सारे तिथेच पक्के होते.

काइट उथळ पाण्यात शिकायला सोपा वाटतो, आणि अनेक अर्थांनी तो तसा आहेही. परंतु त्याचा खरा धोका पाण्यात नसून किनाऱ्यावर आणि हवेत आहे. त्याच्या दोऱ्या वीसेक मीटर लांब असतात, वाऱ्याचा एखादा झोत माणसाला उचलू शकतो, आणि गुडघाभर पाण्यावर उंचावरून पडणे म्हणजे जवळजवळ जमिनीवरच पडणे होय. प्रशिक्षकाशिवाय काइट हाती घेऊ नये आणि या तलावावर उंच उड्या मारू नयेत, याबाबत मी ठाम आहे.

पडण्याची रीतही इथे वेगळी शिकावी लागते. फिन तळाला अडकली की फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून सूर मारल्यासारखे कधीही पडू नये, पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडावे आणि पायांनी जोरात तळ शोधू नये. पायांत निओप्रीनचे बूट, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात तरंगते जाकीट हवेच. पोहणे जेमतेम येत असेल तर जाकिटाबाबत तडजोड करू नका, कारण चिखलात रुतलेला पाय आणि वर ओले शीड अशा अवस्थेत छातीभर पाणीही पुष्कळ ठरते. पाणी उथळ असल्याने ते लवकर तापते आणि तितक्याच लवकर गार होते, तेव्हा एप्रिलमधल्या ऊबदार दुपारीसुद्धा पूर्ण लांबीचा वेटसूट (पाण्यात ऊब राखणारा रबरी पोशाख) घाला.

जागा म्हणून मी पूर्व किनाऱ्यावरचे पोडर्सडॉर्फ सुचवीन. तलावाचा बहुतांश काठ बोरूच्या दाट रानाने वेढलेला आहे आणि पश्चिमेकडे तर ते काही किलोमीटर रुंद आहे. पोडर्सडॉर्फला मात्र मोकळा किनारा मिळतो. वायव्येचा वारा तिथे आपल्याला किनाऱ्याकडेच आणतो. आग्नेयेचा वारा मात्र किनाऱ्यापासून दूर, पलीकडच्या बोरूकडे नेतो, आणि किनाऱ्यालगत पाणी शांत दिसत असल्यामुळे त्याचा जोर लक्षात येत नाही. अशा दिवशी नवशिक्याने उतरू नये. बोरूत अडकलेला माणूस दुरून दिसत नाही. शिवाय तिथे पक्ष्यांची घरटी असतात आणि तलावाचा दक्षिण भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, म्हणून बोरूपासून अंतर राखणे हे आपले कर्तव्यही आहे. तलावाभोवती वादळाचा इशारा देणारे दिवे लुकलुकू लागले की वारा अजून मंद असला तरी लगेच किनारा गाठावा.

वर्गासाठी नाव नोंदवताना प्रशिक्षकाला दोन गोष्टी विचारा: त्या आठवड्यात पाणी किती आहे, आणि शिकाऊ फळीला कोणती फिन लावणार आहेत. ज्यांना या दोन्हींची उत्तरे सेंटीमीटरमध्ये देता येतात, त्यांच्याकडे शिका.