चालती पेट्रोल गाडी अचानक बंद पडली तर

आधी हॅझर्ड लाइट लावून गाडी कडेला घे. इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा मारू नकोस. एकदाच जोर लावून दाबून धर.

मग चावी फिरव आणि नीट ऐक. नुसतं टकटक वाजून दिवे मंदावले तर बॅटरीचे टर्मिनल बघ, सैल असतील किंवा त्यांवर पांढरा क्षार साचला असेल. चांगली चार्ज असलेली बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतोय पण इंजिन पकडत नाही, मग प्रश्न पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची (टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची) दोनेक सेकंद घरघर ऐकू येते. नाही आली तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा स्विच) तपास. गरम इंजिन सुरू होत नाही, थंड झाल्यावर मात्र होतं, असं असेल तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन कसं फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर). तरी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय कुणाला पार्ट बदलू देऊ नकोस.

आणि हे कळकळीने सांगतो: स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरला तर टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. पुन्हा स्टार्टर मारू नकोस, व्हॉल्व्ह वाकू शकतात. सरळ टो करून ने.