१४४०पी, १६५ हर्ट्झ मॉनिटरसाठी कोणती केबल घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: २७ इंची १४४०पी (२५६० गुणिले १४४० पिक्सेल), १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, सध्या एचडीएमआय केबल जोडलेली आणि विंडोजमध्ये १४४ च्या वर पर्यायच दिसत नाही. दुकानदार म्हणतो, महागडी सोन्याचा मुलामा दिलेली '८के' एचडीएमआय केबल घ्या.

ती घेऊ नका. साधी, पण चांगली डिस्प्लेपोर्ट (कार्ड ते मॉनिटर जोडणीचा दुसरा प्रकार) केबल घ्या.

अडचण बहुधा केबलची नाहीच, मॉनिटरच्या पोर्टची आहे. तुमच्या कार्डावर एचडीएमआय २.१ आहे, पण या वर्गातल्या बऱ्याच मॉनिटरांवर एचडीएमआय २.० च असतं. दोघांतलं जे कमी, तेवढंच चालतं. हिशेब करून बघा. २५६० गुणिले १४४० पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला १६५ वेळा, म्हणजे सुमारे १४.६ गिगाबिट. एचडीएमआय २.० वर १८ लिहिलेलं असलं तरी दर ८ बिटांसाठी १० पाठवावे लागतात, त्यामुळे हाती येतात १४.४. थोडक्यात हुकतं! १४४ हर्ट्झला १२.७ च्या आसपास लागतात, म्हणून ते बसतं. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये हाच आकडा २५.९ आहे, १६५ आरामात मावतात. मॅन्युअलमध्ये पोर्टांची आवृत्ती आणि प्रत्येक पोर्टचा कमाल हर्ट्झ दिलेला असतो, तो आधी बघून घ्या.

चित्र सोन्याने सुधारत नाही. सिग्नल डिजिटल आहे. केबल कमी पडली तर रंग फिके होत नाहीत, स्क्रीन मध्येच एक-दोन सेकंद काळी होते किंवा ठिपके चमकतात.

डिस्प्लेपोर्ट घेताना मात्र अगदी स्वस्तात जाऊ नका, आणि हे मी कळकळीने सांगतोय. कनेक्टरमध्ये २० पिना असतात. विसावी पिन ३.३ व्होल्ट वीजपुरवठ्याची. प्रमाणानुसार साध्या केबलमध्ये ती जोडलेली नसायला हवी, पण काही स्वस्त केबलींत ती आरपार जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते. पीसी बंद असताना पंखा किंवा दिवा मंद चालू दिसतो, कधी पीसी सुरूच होत नाही, आणि माणूस बिचारा एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा) बदलत बसतो. म्हणून व्हेसा (डिस्प्लेपोर्टचं प्रमाण ठरवणारी संस्था) प्रमाणित केबल बघा. लांबी दीड-दोन मीटर पुरे, उगाच पाच मीटरची घेऊ नका.

एचडीएमआय-टू-डिस्प्लेपोर्ट अशी मिश्र केबलही नको. अशा बहुतेक केबली एकाच दिशेने चालतात.

केबल कार्डाच्या पोर्टलाच लावा, मदरबोर्डच्या नव्हे. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १६५ निवडा, विंडोज ते आपणहून निवडेलच असं नाही. मॉनिटरच्या मेन्यूत अॅडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू केलंत की एनव्हिडियाच्या (कार्डाची कंपनी) कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक हे त्याच सोयीचं एनव्हिडियाचं रूपही चालू करा. एनव्हिडिया कार्डावर अशा मॉनिटरांना ती सोय साधारण डिस्प्लेपोर्टवरूनच मिळते.

पुढेमागे पीएस५ (गेम कन्सोल) आणायचा विचार असेल तर आताची एचडीएमआय केबल जपून ठेवा, त्याला चित्रासाठी फक्त तेच पोर्ट आहे. आणि डिस्प्लेपोर्ट काढताना वरची कळ दाबूनच ओढा, नाहीतर कार्डाचं पोर्ट हलतं.