दीड इंच माया

प्रिय मुलीस,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाच्या आधी वाचला आणि चहानंतर पुन्हा एकदा वाचला. दुसऱ्या अंकात तू शिवलेला अंगरखा मुंढ्याखाली उसवला, पहिल्या चार रांगांना दिसला, दिग्दर्शक रंगपटात येऊन सगळ्यांसमोर तुला बोलला. आता पुढच्या नाटकाला सगळी ड्रेपरी, म्हणजे पात्रांचे कपडे, भाड्याने आणावी, तू फक्त इस्त्री करशील, असं तुझं म्हणणं. आणि शेवटी, 'मावशी, मी यात राहू की नको?'

त्याचं उत्तर मी देणार नाही. ऑफिस सुटल्यावर डबा न उघडता तालमीला येणारी, स्वतःच्या पैशांनी दोऱ्याची रिळं आणणारी तू, तुला ते ठाऊक आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. शिवणीच्या आत जास्तीचं कापड, म्हणजे माया, किती ठेवली होतीस?

प्रयोग संपल्यावर तो अंगरखा खुर्चीवर पडला होता, मी आतून उलटा करून बघितला. पाव इंच. वर सुतं निघू नयेत म्हणून इंटरलॉकची शिलाई मारून कडा छाटून टाकलेल्या. आतून इतका सुबक कपडा मी इतक्या वर्षांत कुठल्या हौशी नाटकात बघितला नाही, आणि तेच माझ्या जिवाला लागलं. मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवून काढलंस ना? दिव्यांखाली ते खरोखर दहा पावसाळे खाल्लेलं दिसत होतं, कोरं पांढरं असतं तर डोळ्यांत खुपलं असतं. एवढी नजर असलेल्या मुलीने माया ठेवू नये?

तू म्हणशील, माप बरोबर होतं. होतंच. पण माप ज्याचं होतं त्या मुलाची बदली झाली आणि प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना ३८ छातीच्या जागी ४२ छातीचा मुलगा उभा राहिला. यात नवीन काय झालं? आपल्या नाटकात हे होतंच. राज्य नाट्य स्पर्धेने साठी ओलांडली. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या नाटकाचे कपडे केले त्यातलं एकही असं आठवत नाही, ज्यात पहिल्या वाचनाला बसलेली सगळी माणसं शेवटच्या प्रयोगाला तीच होती. कुणाला शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी लागते, कुणाची परीक्षा येते, कुणाला कावीळ होते, कुणाच्या सासूला नाटक आवडत नाही. हौशी नाटकाचा कपडा एका माणसासाठी शिवायचा नसतो. त्या भूमिकेत येऊ शकणाऱ्या कुठल्याही माणसासाठी शिवायचा असतो. म्हणून माया ठेव.

हिशेब करून दाखवते. दोन्ही कुशींना पुढचा आणि मागचा भाग मिळून चार कडा. प्रत्येक कडेला दीड इंच माया. वेळ आली की अर्धा इंच आत ठेवून एकेक इंच सोडायचा. चार इंच झाले की नाही? ३८ चा अंगरखा ४२ ला गेला! रात्री दहाला टीप उसवायला घेतलीस तर साडेअकराला तू घरी. पाठीवर मधोमध शिवण घेतलीस तर तिथे दोन इंच ठेव, खाली घेराला तीन. कुशीची टीप मोठी टाक, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही. काखेत पाव इंच राहतंच, तिथे त्याच कापडाचा चौकोनी तुकडा घाल, हात वर केला की तोच ताण खातो. आणि मांजरपाट कापण्याआधी रात्रभर भिजत घाल. खळ जाते, आटायचं ते आटून घेतं. नाहीतर पहिल्या धुण्यालाच मायेतला अर्धा इंच पाण्यात जाईल.

इंटरलॉक मारू नकोस. सुतं निघू देत. आतली बाजू परीक्षकांना दाखवायची नसते.

आपल्याकडचे जुने कपडे काढून बघ. बाराबंदीला बटणं नाहीत, बंद आहेत, पोट सुटलं तर बंद सैल बांधायचा. धोतर, पागोटं, नऊवारी यांना तर माप नावाची गोष्टच नाही. तीच नऊवारी आजी नेसायची, तीच नात नेसते. आता शिवलेली नऊवारी मिळते, झटपट बदलायला ती मीही वापरते, पण कमरेला हूक असेल तर काढून टाकते आणि नाडी घालते. नाडी म्हणजे मायाच.

माझं शिवण कुठून सुरू झालं ते तुला कधी सांगितलं नाही. १९८३ साली मी गल्लीतल्या शिवणक्लासला जायची. त्या वर्षी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. आमच्या बाईंनी पेपरातला फोटो कापून भिंतीवर चिकटवला. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच भूत, फिटिंग. कपडा अंगाला असा बसला पाहिजे की सुरकुती नको. चार वर्षांनी नाटकाचे कपडे करायला लागले तेव्हाही तेच. लोक म्हणायचे, हिचे कपडे बघून घ्या. मी फुगून जायची.

१९९६ साली केशवराव भोसले नाट्यगृहात आमचा प्रयोग होता. नायिकेला खणाची चोळी. गुळेदगुड्डचा खण, अस्सल, मी तीन दुकानं पालथी घालून आणलेला. चोळी चापूनचोपून बेतली, शिवली, दीड महिना आधी घालून बघितली, सुरेख बसली. प्रयोगाच्या दिवशी रंगपटात गाठ बसेना. तिने श्वास ओढला, तरी बसेना. तिसरी घंटा व्हायची होती. आणि मी दहा माणसांसमोर त्या मुलीला म्हणाले, "अंगावर चढवायची अक्कल होती, सांभाळायची नव्हती का?"

तिने काही उत्तर दिलं नाही. चोळीला मी सेफ्टी पिना लावल्या, पदर घट्ट खोचला, तिने काम चोख केलं. एका पिनेचं तोंड उघडलं होतं, ते तिला पूर्ण तिसरा अंक टोचत होतं, हे मला कपडे उतरवताना रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं. तिला तिसरा महिना होता, हे त्यानंतर पंधरा दिवसांनी कळलं. घरी अजून सांगितलेलं नव्हतं, तिथे मला काय सांगणार? ती परत तालमीला आली नाही. आमच्याच नाही, कुणाच्याच. आवाज काय होता तिचा!

आता तुला वाटेल मावशी स्वतःची बाजू मांडतेय, तर मांडतेच. खणाचा पन्हा केवढासा असतो? त्यात चोळी निघते हेच नशीब, माया कुठून काढणार होते मी? सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. दोन जोड कपडे भाड्याने आणले होते, ते चुकीचे आले होते, आणि ते बदलून आणायला माझ्याशिवाय कुणी गेलं नव्हतं. कपड्यांच्या माणसाला मदत करायला कुणी येत नाही, बोल लावायला सगळे येतात, हे तू परवा अनुभवलंसच. हे सगळं खरं आहे. पण काखेत साध्या सुती कापडाचा तुकडा घालता आला असता. पदराखाली कुणाला दिसणार होता? मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. खणाला ठिगळ नको म्हणून मी घातला नाही. माझ्या चोळीला डाग नको होता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. सकाळी सगळं कोल्हापूर तिथे रस्त्यावर उभं होतं, मीही होते. लोक रंगमंचाबद्दल बोलत होते, शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेल्या त्या वास्तूबद्दल बोलत होते. मला रंगपटातला आरसा दिसत होता आणि त्यात श्वास ओढून उभी राहिलेली ती. इतकी वर्षं मी म्हणत होते, एकदा तिला तिथे बोलावीन, नाटक दाखवीन, बोलेन. शहरातच राहते ती. अजून बोलावलेलं नाही.

म्हणून तुझ्यावर चिडले, समजलीस? उसवल्याबद्दल नाही. त्या मुलाने उसवलेल्या अंगरख्यात अख्खा अंक हात खाली ठेवून काढला, त्याच्याकडे तू बघितलंसुद्धा नाहीस. तू अंगरख्याकडे बघत होतीस. तुझ्या मेसेजात 'माझा अंगरखा' चारदा आहे आणि त्या पोराचं नाव एकदाही नाही. त्याने नऊ दिवसांत दोन अंक पाठ केले. त्याला फोन कर.

भाड्याचं म्हणशील तर शिपाई, भालदार, गर्दीतली माणसं, त्यांची ड्रेपरी जरूर भाड्याने आण, मीही आणते. बालगंधर्वांच्या शालूंचा थाट आपल्या खिशाचा नव्हे, आणि तो थाट त्यांच्या मंडळीला कर्जातही घेऊन गेला. पण प्रमुख पात्राचा कपडा प्रयोगाच्या दुपारी गाठोड्यातून येतो तेव्हा नटाला त्यात बसायचं कसं हेच माहीत नसतं. तो कपडा दुसऱ्याचा असतो आणि दुसऱ्याच्या कपड्यात तू माया ठेवू शकत नाहीस. शिवणीत सोडलेल्या कापडाला माया म्हणणारा पहिला शिंपी कोण होता कोण जाणे, त्याला माणसं कळत होती.

दिग्दर्शकाशी मी बोलणार नाही. ते तू बोल. एवढंच सांग की माणूस बदलला तर त्याच दिवशी, त्याच तासाला तुला कळलं पाहिजे. तुला पाचव्या दिवशी कळलं ही त्याची चूक आहे आणि ती तू स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. पाव इंच तेवढा तुझा.

रविवारी सकाळी दहाला घरी ये. अंगरखा आण, पण धुऊ नकोस. घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा कुठे उमटल्यात ते मला बघायचंय, कपडा कुठे ओढला जात होता ते तिथे दिसतं. उरलेलं मांजरपाट असेल तर तेही घेऊन ये. नसेल तर इचलकरंजीहून मागवते, त्याच वजनाचं मिळेल, चहा मात्र तुला पुन्हा उकळावा लागेल. आणि त्या मुलालाही बरोबर आण, माप घ्यायचंय.

तुझी,
मावशी