नाशिकमध्ये मित्रांसोबत मटण-भाकरी आणि बिअरचा नेहमीचा बेत कसा टिकवता?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या पाचसहा जणांचं दर वेळी ‘बसू या की एकदा’ होतं आणि ऐन वेळी फिस्कटतं. आमचं टिकलंय, कारण आम्ही कुणाला विचारतच नाही. महिन्यातला दुसरा शुक्रवार, रात्री साडेआठ, सातपूरकडची एक परमिट रूम. येईल तो येईल. ‘कोण कोण येतंय?’ असा मेसेज ग्रुपवर पडला की बेत गेलाच म्हणून समजा. एकजण ‘बघतो’ म्हणाला की बाकीचेही बघायला लागतात.

जागा निवडताना भटारखाना बघा. बिअरची बाटली सगळीकडे तीच, रस्सा नाही. आपल्याकडचा रस्सा काळ्या मसाल्याचा: कांदा आणि सुकं खोबरं पार काळपट होईस्तोवर भाजायचं, सोबत दगडफूल, धणे, खसखस. चांगला जमला असेल तर वाटीत वर तर्री दिसते, खाली दाट गडद रस्सा, आणि तिखट जिभेला न लागता घास उतरल्यावर घशाशी लागतं. लालभडक रस्सा पुढ्यात आला तर रंग टाकलाय असं खुशाल धरा आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जा.

बसल्या बसल्याच मटण आणि भाकरी सांगून टाका, गरम भाकऱ्यांना वेळ लागतो. तोवर बिअर, मसाला पापड, शेंगदाणे. रस्सा आला की ग्लास बाजूला. जाळ लागला म्हणून वरून थंड बिअर ओतणारे दर टेबलावर असतात, पण फेसाळ बिअरने तोंड आणखी पोळतं. मिरचीतला जहाल भाग पाण्यात विरघळत नाही, आणि बिअरमधलं अल्कोहोल त्यासाठी फार कमी असतं. दही किंवा ताक मागवा. जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा वेटर स्वतःच विचारतो, ‘मालक, चिल्ड का नॉर्मल?’ तेव्हा नॉर्मलच घ्यावी. भाकरी बाजरीची.

आमच्यात एक पक्का शाकाहारी आहे आणि सगळ्यात नियमित तोच येतो. त्याची शेवभाजी ठरलेली. रश्श्याला तोच झणका, फक्त शेव अगदी शेवटी टाकायला सांगायची, नाहीतर लगदा होतो.

भांडणं होतात ती कॉन्ट्रीवरून. न पिणाऱ्याने पिणाऱ्यांचे पैसे का भरायचे? दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट लागतो (परमिट रूममध्ये नोव्हेंबर 2023 पासून तो 5 चा 10 टक्के झाला), जेवणावर मात्र जीएसटी. म्हणून बारचं आणि किचनचं बिल वेगळं मागा. किचनचं सगळ्यांत, बारचं पिणाऱ्यांत. आमच्याकडे हा नियम आल्यापासून शाकाहारी गडी खूश आहे.

लोक म्हणतील नाशिकला आलात तर वाइन प्या. पाहुणे आले की त्यांना गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जरूर न्या. काळ्या रश्श्यापुढे मात्र वाइनची चव लागत नाही, हे माझं मत.

गाडी कोण चालवणार ते घरून निघतानाच ठरवा. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘दोनच घेतल्या’ हे नाक्यावर चालत नाही. आणि कॅलेंडर बघा: आषाढी एकादशी, गांधी जयंती, आपल्याकडे मतदान असेल तर ते संपेपर्यंतचे 48 तास, हे ड्राय डे. श्रावणात तर आमचं अर्धं टेबल माळकरी होतं, त्या महिन्यात आम्ही सरळ रविवारी सकाळी मिसळीला जातो.