हाताचा हिशेब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू तुझ्या बेसबॉलबद्दल आणि दुखऱ्या कोपराबद्दल पाऊण तास बोललास आणि शेवटी विचारलेस, ‘काका, मी थांबू का?’ मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण मला राग आला होता आणि रागाच्या भरात तुझ्याशी बोलायचे नव्हते. मराठी शाळेत तू चांगला वाचायचास, तेव्हा हे पत्र आईकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश का होईना, पण स्वतः वाच.

राग कशाचा ते आधी सांगतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखते, प्रशिक्षक म्हणतात एवढा हंगाम काढ, बाबा म्हणतात सोडून दे आणि इंजिनिअरिंगकडे लक्ष दे, आणि शिष्यवृत्ती तर त्याच हातावर अवलंबून आहे, हे सगळे तू सांगितलेस. पण तेवढ्या वेळात एकही आकडा तुझ्या तोंडून आला नाही. या हंगामात किती चेंडू टाकलेस, दोन सामन्यांमध्ये किती दिवस विश्रांती मिळाली, दुखणे पहिल्या इनिंगला सुरू होते की पाचव्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर पूर्ण सरळ होते की नाही? मी विचारले तेव्हा म्हणालास, ‘ते प्रशिक्षकांकडे असेल.’ अरे, हात तुझा आणि त्याचा हिशेब दुसऱ्याकडे? त्यातही सामन्यातले चेंडू कोणीतरी मोजते, पण बुलपेनमधले, म्हणजे सामन्याआधी हात मोकळा करायच्या जागेतले, सरावातले आणि उन्हाळ्यात निवडकर्त्यांसमोर जीव तोडून टाकलेले चेंडू कोण मोजते?

तू लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कोफॅक्स याचे नाव घेतलेस. तो तिसाव्या वर्षी, ऐन भरात असताना थांबला, मग मी विसाव्या वर्षी थांबलो तर काय बिघडले, असा तुझा युक्तिवाद होता. तू त्याची गोष्ट अर्धीच वाचली आहेस. 1965 च्या वसंतातल्या सराव शिबिरात एका सकाळी तो उठला तेव्हा त्याचा डावा हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा पडला होता. डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी कोपराला संधिवात असल्याचे सांगितले आणि असेच चालू राहिले तर एक दिवस हाताचा पूर्ण वापर करता येणार नाही, याची कल्पना दिली. त्यानंतरही तो दोन हंगाम खेळला: पहिल्या वर्षी 382 स्ट्राइकआउट, म्हणजे तितके फलंदाज त्याने चेंडूवर चकवून बाद केले, दुसऱ्या वर्षी 27 विजय. कॉर्टिसोनची इंजेक्शने, अंग भाजून काढणारे मलम आणि सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले कोपर, हे सारे त्या आकड्यांच्या मागे होते. हात इतका आखडला होता की कोटाची डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घ्यावी लागत असे.

तरीही मी त्याला वेडा म्हणत नाही, कारण 1966 चा हंगाम सुरू होण्याआधीच त्याने एका वार्ताहराला सांगून ठेवले होते की हे आपले शेवटचे वर्ष, आणि त्या भल्या माणसाने ती गोष्ट वर्षभर पोटात ठेवली. म्हणजे नोव्हेंबरमध्ये जे जाहीर झाले ते वर्षभर आधीच ठरले होते. किती देतो आहोत आणि पुढे काय राखायचे आहे, हे त्याला ठाऊक होते. बेसबॉलनंतर बरीच वर्षे जगायचे आहे आणि ती धडधाकट शरीराने जगायची आहेत, अशा अर्थाचे तो निवृत्तीच्या वेळी बोलला. हिशेब त्याच्याजवळ होता! तू मात्र एका वाईट सामन्यानंतर, कोपर सुजलेले असताना, रात्री अकरा वाजता निवृत्तीची भाषा करतोस आणि त्याचा दाखला देतोस.

आता दुसरी बाजूही ऐक. कोफॅक्स थांबल्यावर आठ वर्षांनी, 1974 मध्ये, त्याच डॉजर्स संघातल्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरातले लिगामेंट, म्हणजे हाडे बांधून ठेवणारा बंध, तुटले. केर्लन यांचेच सहकारी फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. तो पुन्हा खेळेल याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. पूर्ण हंगाम बाहेर काढून तो 1976 मध्ये परतला, सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि 288 पैकी 164 विजय त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. नोलन रायन हा पिचर तर सत्तावीस हंगाम टिकला आणि 1993 मध्ये कोपराचे लिगामेंट फाटले तेव्हाच थांबला. तेव्हा विसाव्या वर्षीचे दुखरे कोपर म्हणजे सगळे संपले, असे मी मुळीच मानत नाही. कदाचित तुला चार महिने थांबावे लागेल, कदाचित दीड वर्ष, कदाचित कायमचे. पण ते चेंडू मोजल्याशिवाय आणि तपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय कसे ठरवणार?

मी हे इतके का ताणतो आहे, ते तुझ्या बाबांना माहीत आहे, तुला नाही. मी मुंबईत वेगवान गोलंदाजी करत असे. पावसाळ्यात कांगा लीगमध्ये पाणी पिऊन जड झालेला चेंडू, पुढे कार्यालयीन सामने. चांगल्या गोलंदाजाला बँकेत नोकरी मिळण्याचा तो काळ होता आणि मलाही ती गोलंदाजीवरच मिळाली. चोविसाव्या वर्षी खांदा दुखू लागला. मी कोणाला सांगितले नाही, कारण जागा जाईल ही भीती होती. दोन वर्षे इंजेक्शन घेऊन टाकत राहिलो. शेवटच्या सामन्यात सहा बळी घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टात हात घालता आला नाही. त्यानंतर मी कधीच चेंडू टाकला नाही. मी निवृत्त झालो असे लोक म्हणतात. खरे तर खांद्याने मला विचारले नाही.

त्या नोकरीवर दोन बहिणींची लग्ने झाली आणि वडिलांच्या आजारपणाचा खर्च निघाला. म्हणून दुखणे लपवले याचा मला पश्चात्ताप नाही, आणि तो व्हावा अशी कोणी अपेक्षाही करू नये. पश्चात्ताप आहे तो एवढाच की किती षटके टाकली हे मी कधी लिहून ठेवले नाही. ते लिहिले असते, तर निम्मी षटके टाकूनही ती नोकरी टिकली असती, कारण सरावात मी विनाकारण, केवळ कर्णधारासमोर उमेद दाखवायला, तासन्‌तास टाकत असे. ती षटके कोणाच्याच उपयोगाची नव्हती. आजही वरच्या फळीवरचा डबा मला डाव्या हाताने काढावा लागतो.

शिष्यवृत्तीची भीती मला कळते, तुला वाटते त्याहून जास्त कळते. म्हणूनच तुला लपवू नकोस असे सांगताना माझा आवाज चढतो. दुखण्याची लेखी नोंद संघाच्या डॉक्टरांकडे तारखेसह असली, तर शिष्यवृत्तीबद्दल बोलायला तुझ्या हाती काहीतरी असेल. केवळ ‘दुखत होते’ म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार?

शुक्रवारी तुझा एमआरआय आहे. त्याआधी एक साधी वही घे आणि मागच्या तीन महिन्यांचे आठवेल तेवढे लिही: तारीख, सामन्यातले चेंडू, बुलपेनमधले चेंडू, किती फास्टबॉल, किती कर्व्ह, दुसऱ्या दिवशी हात कसा होता. प्रशिक्षकांकडचे आकडे मागून घे. ते नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तर तेही वहीत लिही. बाबांना वही दाखव, कारण ते तुझ्या खेळावर रागावलेले नाहीत, माझा खांदा त्यांनी जवळून पाहिला आहे. मग रविवारी रात्री नऊला फोन कर आणि बोलताना वही समोर असू दे.

तुझा,
काका