भाचा म्हणतो डीफ्रॅग बंद कर, करू का?

प्रश्न: दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) बसवलीय, विंडोज १० आहे, नेट फारसं जोडत नाही. भाचा म्हणाला विंडोज रोज एसएसडीचं डीफ्रॅग करतं (म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावतं), डिस्क लवकर मरेल, शेड्यूलच बंद करून टाका. करू का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: नका करू. भाच्याने ऐकलंय ते खोटं नाही, पण जुनं आहे. मे २०२० मध्ये विंडोज १० चं २००४ व्हर्जन आलं (हे साल नाही हं, २० साल आणि ०४ महिना), त्यात ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जला (डिस्कची ही देखभाल करणारी विंडोजचीच सोय) शेवटचं ऑप्टिमायझेशन कधी झालं हेच आठवायचं नाही, रीस्टार्ट केलं की परत "ऑप्टिमायझेशन हवंय" आणि मग ऑटोमॅटिक मेंटेनन्स पुन्हा कामाला, आठवड्यातून एकदा व्हायचं ते सारखं सारखं. सप्टेंबर २०२० च्या अपडेटमध्ये, नंबर केबी ४५७१७५६, ते दुरुस्त झालं.

तुमचं नेट जोडलेलंच नसतं म्हणून अपडेट आलंय का तेवढं बघा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून विनव्हर (winver) टाइप करून एंटर दाबा, बिल्ड (विंडोजच्या आवृत्तीचा नंबर) १९०४१ असेल तर टिंबानंतरचा आकडा ५०८ किंवा जास्त पाहिजे, आणि १९०४२ किंवा पुढचा असेल तर हा प्रश्नच नाही. कमी दिसला तर एक दिवस मोबाइलचा हॉटस्पॉट लावून अपडेट होऊ द्या.

शेड्यूल बंद का नको, तर एसएसडीवर ते मुख्यतः ट्रिम करतं, म्हणजे कुठली जागा रिकामी झालीय ते डिस्कला सांगतं, ते तिच्या फायद्याचंच आहे. सिस्टिम रिस्टोर (बिघाड झाला तर विंडोज मागच्या स्थितीत नेणारी सोय) चालू असेल तर महिन्यातून एखाद वेळेस खरं डीफ्रॅगही होतं पण ते मुद्दाम तसं ठेवलंय, त्याने डिस्क मरत नाही. वेगळं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर मात्र एसएसडीवर टाकू नका, उगाच लिहिणं वाढतं.

प्रश्न: चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारी विंडोजची कमांड, chkdsk) चालवलं की कॉम्प्युटर चालूच होत नाही असं ऐकलं, खरं का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: एकदा झालं होतं खरं. डिसेंबर २०२० च्या केबी ४५९२४३८ अपडेटनंतर काही थोड्या कॉम्प्युटरवर चेकडिस्क स्लॅश एफ (chkdsk /f, म्हणजे चुका दुरुस्तही कर) दिलं की फाइल सिस्टिमच बिघडायची आणि निळा स्क्रीन, दुरुस्त करणाऱ्यानेच मोडून ठेवल्यासारखं. मायक्रोसॉफ्टने लगेच त्यावर उपाय दिला, आणि अडकलेल्यांना सांगितलं की रिकव्हरीच्या (विंडोज चालू होत नसेल तेव्हा येणारा दुरुस्तीचा स्क्रीन) कमांड प्रॉम्प्टवरून तीच कमांड परत चालवा, संपली की एक्झिट (exit) टाका. म्हणजे ज्याने बिघडलं त्यानेच सुधारायचं! नंतर चालू होताना ते स्वतःहून आणखी एकदा चालू शकतं, मध्येच बंद करू नका.

तुम्ही आधी स्लॅश एफ न लावता नुसतं चेकडिस्क चालवा, ते फक्त वाचून सांगतं, हात लावत नाही. काही चूक निघाली तरच स्लॅश एफ, आणि त्याआधी बिलांची कॉपी पेनड्राइव्हवर. साधी मोठी हार्ड डिस्क असेल तर वेळ खातं, रात्री दुकान बंद करताना लावून जा, इन्व्हर्टर चालू आहे ना तेवढं बघून.